मागून तिसरं बाक

एका मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६४१ मध्ये आणि त्याच्या आईबापांचं लग्न जून १६४१ मध्ये. चर्चच्या जुन्या दप्तरातल्या या दोन्ही नोंदी मी माझ्या डोळ्यांनी वाचल्या, वहीत उतरवल्या आणि मनातल्या मनात टाळी वाजवली. पावणेचारशे वर्षांपूर्वीचं लफडं! शेजारच्या टेबलावरच्या बाईंना ते सांगायची इतकी घाई झाली की हातातली पेन्सिल खाली पडून घरंगळत गेली.

आमचे शिकवणारे गृहस्थ निवृत्त शाळामास्तर. त्यांनी ती उचलून दिली, माझी वही पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि एवढंच विचारलं, "तुमच्याकडे नवं वर्ष कधी लागतं?"

"एक जानेवारीला," मी म्हटलं. मग जरा थांबून, "म्हणजे आमचं खरं तर मार्च-एप्रिलात. चैत्रात."

"मग हे तुम्हाला आमच्या आधी कळायला हवं होतं."

१७५२ पर्यंत इंग्लंडात वर्षाचा आकडा बदलायचा तो २५ मार्चला. जानेवारी संपला, फेब्रुवारी संपला, तरी साल जुनंच. म्हणजे जून १६४१ आधी आणि फेब्रुवारी १६४१ त्यानंतर आठ महिन्यांनी. मूल रीतसर लग्नानंतर झालेलं. (आठच महिने, असं त्या शेजारच्या बाई हळूच पुटपुटल्या, पण ते सोडा.) आजीच्या पंचांगावर वाढलेली मी. फाल्गुन संपल्याशिवाय शक बदलत नाही हे शाळेत जायच्या आधीपासून माहीत असलेली. आणि इथे येऊन पाडव्यालाच चुकले.

इंग्लंडातल्या श्रूजबरीत राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. (गावाच्या नावाचा उच्चार श्रूजबरी की श्रोजबरी यावर इथे दोन तट आहेत आणि परक्या माणसाने त्यात पडू नये.) औषधांच्या दुकानात अर्धा दिवस काम, आणि हिवाळ्यात चार वाजताच अंधार. त्या अंधाराला कंटाळून मी जुनी हस्ताक्षरं वाचायच्या वर्गाला नाव घातलं. इतिहासाची आवड वगैरे काही नव्हती. वर्गाची खोली गरम असायची आणि चहा मिळायचा.

दप्तरखान्याचे नियम मात्र पहिल्याच दिवशी आवडले. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. जुनं पुस्तक स्पंजाच्या उतरत्या ठोकळ्यांवर ठेवायचं म्हणजे त्याच्या पाठीवर ताण येत नाही. पान आपोआप मिटू नये म्हणून त्यावर कापडात शिवलेली शिशाची माळ ठेवायची, तिला तिथले लोक साप म्हणतात. हलक्या हाताने पान उलटायचं आणि साप परत ठेवायचा. पोथी वाचताना आजोबा सोवळ्यात बसायचे ते आठवलं.

आणि ती लिपी. सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्रजी जिच्यात लिहिलं जायचं तिला सेक्रेटरी हँड म्हणतात. तिच्यातला सी आपल्याला आर वाटतो. ई उलटा. एचचं शेपूट ओळीखाली लोंबतं. एस तर शब्दाच्या मधे आला की एफ वाटावा असा लांबडा. शब्द संपतो कुठे आणि फराटा सुरू होतो कुठे ते कळायला मला तीन आठवडे लागले. आमच्या घरी, कराडजवळच्या गावात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मोडीतली खतं आहेत. पणजोबांनंतर ती कोणाला वाचता आलेली नाहीत. इंग्रजांची मोडी मी शिकले आणि आपली राहिली, हे वर्गात बसल्या बसल्या टोचायचं, पण चहा आला की विसरायचं.

पॅरिश म्हणजे काय हे आधी सांगायला हवं. गाव म्हटलं तर पुरतं जुळत नाही. एका चर्चच्या हद्दीतला सगळा मुलूख म्हणजे पॅरिश, मग त्यात एक गाव असो नाहीतर सातआठ वाड्या. बारसं, लग्न, मर्तिक तर तिथे व्हायचंच, पण रस्त्याची डागडुजी, गोरगरिबांचं पोट, त्यासाठीची पट्टी, हे सगळंही पॅरिशच्याच गळ्यात. चर्च आणि ग्रामपंचायत एकाच छपराखाली म्हणा ना. त्यांचे रस्ते वेगळे झाले ते थेट १८९४ च्या कायद्याने.

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने फर्मान काढलं की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. लोकांना वाटलं, हा नवीन कर बसवायची तयारी करतोय. (लोक कुठलेही असोत, सरकारी माणूस वही घेऊन आला की हेच वाटतं.) पहिल्या वह्या कागदाच्या होत्या, त्या फाटू लागल्या. मग १५९८ मध्ये हुकूम झाला की सगळं चर्मपत्रावर नव्याने उतरवा, विशेषतः एलिझाबेथ राणी गादीवर आली तेव्हापासूनचं. हे 'विशेषतः' आळशी कारकुनांच्या पथ्यावर पडलं. त्यांनी तिच्या आधीची वीस वर्षं सोडूनच दिली. म्हणून इंग्लंडातल्या कितीतरी गावांचा इतिहास १५५८ ला सुरू होतो. त्याआधी तिथे कोणी जन्मलं नव्हतं असं नाही, लिहून लिहून एकाचा हात दुखत होता इतकंच. वह्या ठेवायच्या पेटीला कुलपं तीन, किल्ल्या तीन माणसांकडे. तिघं जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. ज्याने ही तजवीज केली त्याला गावकी चांगली कळत असणार.

अशा वह्यांतून काय मिळतं? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा नाव, तारीख आणि आणखी एक नाव. कधी एखादा गमतीचा शेरा. १६७८ च्या कायद्याने मढं लोकरीच्याच कापडात पुरायचं बंधन आलं, कारण लोकरीचा धंदा चालला पाहिजे. मोडलं तर ५ पौंड दंड, त्यातला अर्धा चुगली करणाऱ्याला. पैसेवाल्यांना मेल्यावरही तलम सुती-रेशमी हवं असायचं. मग घरातलाच कोणीतरी जाऊन चुगली करायचा, म्हणजे अर्धा दंड घरातच परत. मला हे वाचून इतकं घरच्यासारखं वाटलं! पण असे शेरे थोडे. पानंच्या पानं नुसती नावं, आणि माणूस एकही दिसत नाही.

मग मास्तरांनी मला मिडलला पाठवलं. गावाचं नावच मिडल. श्रूजबरीच्या उत्तरेला सातआठ मैलांवर, एल्समीअरच्या जुन्या रस्त्याला लागून. सतराव्या शतकातला एखादा साधा इंग्रज गाव आतून बाहेरून पाहायचा असेल तर जगभरचे अभ्यासक मिडलकडे येतात, आणि त्याला कारण एक म्हातारा शेतकरी.

रिचर्ड गॉफ. जन्म १६३५, मृत्यू १७२३. मिडल पॅरिशमधल्या न्यूटन नावाच्या वाडीतला. खाऊनपिऊन सुखी, जमीन स्वतःची, तरुणपणी एका मोठ्या जमीनदाराकडे कारकुनी केलेली, त्यामुळे कायद्याची भाषा पाठ. पासष्टी गाठल्यावर त्याने गावाचा इतिहास लिहायला घेतला. आधी रिवाजाप्रमाणे हद्दी, ओढे, रेक्टर म्हणजे चर्चचे पाद्री, किल्ला वगैरे उरकलं. मग १७०१ मध्ये त्याला जे सुचलं ते मला आजही थक्क करतं. त्याने चर्चमधल्या बाकांचा नकाशा काढला. पहिल्या बाकापासून सुरुवात केली आणि त्या बाकावर कोणत्या घराचा हक्क, त्या घरात कोण कोण झालं, कोणी कोणाशी लग्न केलं, कोणी काय दिवे लावले, ते लिहीत लिहीत शेवटच्या बाकापर्यंत गेला. राजे नाहीत, सनावळ्या नाहीत. बाकं.

यामागचा व्यवहार समजून घ्यावा लागतो. चर्चमधली जागा माणसाची नसे, घराची असे. घर विकलं की जागाही त्याबरोबर गेली. आपल्याकडे शेताबरोबर विहिरीतला पाण्याचा हिस्सा सातबाऱ्यावर चढतो, तसं. एका बाकाचे दोन-तीन हिस्सेही व्हायचे. एका घराच्या हिश्श्याला ते लोक नीलिंग म्हणायचे, म्हणजे गुडघे टेकण्यापुरती जागा. पुढची बाकं मोठ्या जमिनीवाल्यांची, मधली मधल्यांची, आणि मागच्या कोपऱ्यात आणि दक्षिणेच्या बाजूला झोपडीवाले, ज्यांच्याकडे घर आहे पण शेत नाही. एकदा पुढच्या भागात रिकाम्या जागेत पोरंटोरं आणि पट्टी न भरणारे लोक बसायला लागले, तेही गावातल्या भल्या माणसांच्या पुढे. गॉफ म्हणतो, हे फार अशोभनीय समजलं गेलं.

मी हे वाचलं आणि मला आमचा बेंदूर आठवला. वेशीतून पहिली बैलजोडी कोणाची जाणार, दुसरी कोणाची, यावरून आमच्या गावात लोकांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलेलं आहे. जुन्या मराठी महजरांतही हेच. वतनाचा निवाडा म्हणून उघडावं तर पानंच्या पानं विडा आधी कोणाला, तिळगूळ कोणाला, होळीची पोळी कोणाची पहिली. गॉफला आमच्या गावात आणून बसवला असता तर त्याने बैलांच्या क्रमाने इतिहास लिहिला असता, आणि तो बरोबर आला असता.

माणूस म्हणून गॉफ खट्याळ आहे. एका दांपत्याबद्दल तो लिहितो की नवराबायको दोघंही रोज दारूच्या गुत्त्यावर जात, आणि लवकरच त्यांच्या गाईही तिकडेच गेल्या. झालं, पुढे काही नाही. संसार कसा बुडाला हे सांगायला त्याला तेवढं पुरलं. रीस वेनलॉक नावाचा एकजण भट्टीसाठी लोकांच्या कुंपणातली काटकी चोरायचा. एका गड्याने एका वाळल्या ढलप्याला भोक पाडून आत बंदुकीची दारू भरली आणि तो कुंपणात ठेवून दिला. रीसने तो नेमाने चोरला आणि त्याच्या भट्टीचं टोपण उडालं. आपल्या काळातल्या चर्चच्या कारकुनाबद्दल तर तो लिहितो की हा माणूस या कामाला मुळीच लायक नाही, वाचता येतं जेमतेम, स्तोत्रांच्या चालींपैकी येते एक, आणि स्वतःचं नावही कसंबसं लिहितो. हे वाचल्यापासून जुन्या दप्तरातल्या कुठल्याही कागदावर माझा पूर्वीइतका विश्वास राहिलेला नाही.

एवढं सगळं लिहिल्यावर शेजारीपाजारी चिडणार हे त्याला ठाऊक होतंच. तो म्हणतो, पूर्वजांचे दुर्गुण मी सांगितले म्हणून कोणी मला बोल लावत असेल, तर त्याने स्वतः नीट वागावं म्हणजे मेल्यावर त्याच्या नावाला डाग लागणार नाही. मी आकसाने काही लिहिलेलं नाही. आणि काही जणांना यातलं पुष्कळसं निरुपयोगी वाटेल, पण यातली कोणती गोष्ट कधी कोणाच्या उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. हस्तलिखित शंभरावर वर्षं तसंच राहिलं, छापलं गेलं ते १८३४ मध्ये, तेही अर्धवट. पूर्ण छापायला १८७५ उजाडलं. विसाव्या शतकात डेव्हिड हे या अभ्यासकाने मिडलच्या चर्चच्या वह्या, मृत्युपत्रं, भाडेकरार गॉफच्या गोष्टींशेजारी ठेवून पाहिले, आणि म्हाताऱ्याची स्मरणशक्ती बहुतेक ठिकाणी खरी ठरली.

बहुतेक ठिकाणी. मी त्याला एका जागी पकडलंय आणि त्याचा मला बालिश आनंद आहे. १६४२ च्या शरदात पहिला चार्ल्स राजा पार्लमेंटशी लढायला सैन्य उभं करायला श्रूजबरीला आला. राजाच्या बाजूच्या एका सरदाराने मिडलच्या टेकडीवर गावोगावची माणसं बोलावली. गॉफ लिहितो, मी तेव्हा आठनऊ वर्षांचा होतो आणि ही मोठी मौज बघायला गेलो. टेकडीच्या सर्वांत उंच जागी एकजण हातात कागद घेऊन उभा, शेजारी जमिनीत तीन-चार भाले खोचलेले. त्याने पुकारा केला की जो राजाच्या बाजूने लढायला येईल त्याला आठवड्याला चौदा ग्रोट मिळतील. ग्रोट म्हणजे चार पेन्स, म्हणजे छप्पन्न पेन्स. शेतमजुराला भुलवायला पुरेसे. साठ वर्षांनंतरही त्याला भाले तीन की चार हे नक्की आठवत नाही म्हणून तो 'तीन-चार' लिहितो. किती प्रामाणिक! पण बाप्तिस्म्याची नोंद आहे जानेवारीतली, जुन्या हिशोबाने १६३४, म्हणजे आपल्या हिशोबाने १६३५. स्वारी तेव्हा सात वर्षांची होती. पाडव्याची ही भानगड मी एकदा ठेच खाऊन शिकले होते, म्हणून लगेच दिसली.

पुढे तो मोजतो. मिडल, मार्टन आणि न्यूटन या तीन वाड्यांतून वीस माणसं राजाच्या बाजूने गेली. त्यातली तेरा मेली. तो एकेकाचं नाव घेतो, कोणाचा मुलगा, कुठे पडला, जिथे ठाऊक नाही तिथे ठाऊक नाही म्हणून सांगतो. आणि मग म्हणतो, या तीन वाड्यांतून एवढे मेले, तर इंग्लंडभर किती हजार मेले असतील याचा अंदाज करा. पार्लमेंटच्या बाजूने गेलेले मोजकेच होते आणि त्यातला जॉन मोल्ड म्हणून एक चणीने लहान पण मोठा धाडसी शिपाई पायात गोळी लागून परत आला. गोळीने नडगीचं मोठं हाड मोडलं. जखम भरली, पण पाय जन्मभर वाकडाच राहिला. गॉफने तो वाकडा पाय चर्चमध्ये रविवारी रविवारी पाहिला असणार.

ती तेरा नावं दफनाच्या वहीत शोधण्यात अर्थ नसतो, हे मला मास्तरांनी समजावलं. चर्चची वही त्याच चर्चच्या अंगणात पुरलेल्यांची. जो दूर कुठल्या किल्ल्याखाली पडला त्याला पुरलं कोणी आणि लिहिलं कोणी? त्या तेरात एक जॉन आर्थर्स आहे. हॉप्टन कासल इथे मारला गेला. गॉफ त्याच्याबद्दल इतकंच लिहितो की तो माझ्या वडिलांचा गडी होता.

त्या एका ओळीवर मी बरेच दिवस अडकले. गॉफच्या घरचा गडी म्हणजे गॉफने त्याला रोज पाहिलेला. सात वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन तोच त्या टेकडीवर गेला असेल का? लिहिलेलं नाही, मी उगाच जुळवतेय. पण गड्याला बाक नसतं. बाक मालकाच्या घराचं. ज्याला घर नाही त्याला नीलिंग नाही, आणि ज्याला नीलिंग नाही तो गॉफच्या नकाशात येतच नाही. आला तर मरून, किंवा चोरी करून, किंवा कोणाच्या तरी पोटात मूल ठेवून.

किंवा खर्चाच्या बाजूला. पुस्तकाच्या शेवटी गॉफने एक प्रकरण पॅरिशापॅरिशांतल्या खटल्यांना दिलंय. अमुक एक लंगडा किंवा अमुक एक विधवा आमची नाही, तुमची आहे, तुम्हीच पोसा, असे खटले. १६६२ च्या कायद्याचं सगळे लोक थोडक्यात नाव घेतात ते सेटलमेंट. प्रत्येक माणसाचं एक गाव ठरलेलं हवं, जे अडीअडचणीला त्याला पोसेल. परगावचा माणूस येऊन राहिला, घरभाडं वर्षाला १० पौंडांपेक्षा कमी, आणि पुढेमागे हा गावाच्या पट्टीवर बसेल अशी शंका आली, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला हाकलता यायचं. पुढे नियम आला की सडाफटिंग गडी पूर्ण एक वर्ष एका मालकाकडे राबला तर तो त्या गावचा झाला. लगेच मालक लोक एक्कावन्न आठवड्यांचा करार करू लागले. दिवस भरत आलेल्या बाईला हद्दीपलीकडे नेऊन सोडायचे, कारण अनौरस मूल जिथे जन्मेल त्या गावच्या डोक्यावर. १६९७ च्या कायद्याने तर मदत घेणाऱ्याने उजव्या खांद्यावर तांबड्या नाहीतर निळ्या कापडाचं पी अक्षर शिवायचं, आणि त्याच्याबरोबर पॅरिशच्या नावाचं पहिलं अक्षर.

गॉफ हे खटले वकिली चवीने सांगतो, कागद कोणता पुढे केला, न्यायाधीश काय म्हणाले. ज्याच्यावरून भांडण आहे तो माणूस कसा दिसायचा, कुठे झोपायचा, हे त्याला सुचतच नाही. ज्या गॉफला वाकडा पाय आणि गुत्त्यावर गेलेल्या गाई दिसतात, त्यालाच. मला त्याचा राग आला, आणि नंतर वाटलं की तो पट्टी भरणारा होता, त्याला काय दिसणार?

सेटलमेंट हा शब्द वाचताना मी दचकले होते, कारण तो माझ्या फाइलीत आहे. या देशात कायमचं राहायचा अर्ज करतात त्याला आजही तोच शब्द. आमच्या वेळी पाच वर्षं सलग राहिल्याचा पुरावा लागायचा, आणि बारा महिन्यांत १८० दिवसांहून जास्त देशाबाहेर राहिलेलं चालायचं नाही. अर्ज भरताना आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर पासपोर्ट उघडून, विमानाची तिकिटं लावून दिवस मोजत बसलो होतो. अप्पा आजारी असताना मी एका वर्षात तीनदा कराडला गेले. पहिल्यांदा ऑपरेशनला, दुसऱ्यांदा ते घरी आल्यावर, तिसऱ्यांदा पोचले तेव्हा दारात चपला दिसल्या. टेबलावर त्या तीन खेपांचे झाले एकशे चार दिवस. नवरा म्हणाला, "बसतंय." मी म्हटलं, "हो, बसतंय." त्याआधीच्या व्हिसाच्या कार्डावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असायचं की सरकारी मदतीवर हक्क नाही. मी ते वाचून कधी विचार केला नव्हता. आम्हाला मदत कुठे हवी होती? पण ते वाक्य कुठून आलंय हे आता कळलं. पट्टी भरणाऱ्यांच्या बाकावरून.

मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले की तुलना जरा ओढूनताणून आहे, चार्ल्स दुसऱ्याच्या काळातला कायदा आणि आजचा कायदा यांच्यामध्ये फार पाणी वाहून गेलंय. ते बरोबर असतील. पण त्यांना दिवस मोजावे लागलेले नाहीत.

एप्रिलमध्ये, ऊन पडल्यावर, मी बसने मिडलला गेले. तांबूस वालुकाश्माची घरं, मधून मधून काळ्या लाकडाच्या चौकटीची, आणि सगळीकडे मेंढ्यांचा वास. किल्ला म्हणून उरलाय तो जिन्याचा एक बुरूज. याच किल्ल्यात हम्फ्री कायनास्टन राहायचा, ज्याला १४९१ मध्ये कायद्याबाहेर घोषित केलं आणि जो पुढे नेसक्लिफच्या कड्यातल्या गुहेत घोड्यासकट राहिला. त्याच्या दंतकथा इथे अजून सांगतात, पण मला त्याच्यात फार रस नाही. दरोडेखोर सगळीकडे असतात.

चर्चचा मनोरा १६३४ चा. म्हणजे गॉफ पाळण्यात होता तेव्हा तो नवाकोरा होता. आतली इमारत मात्र नंतरच्या काळात पुन्हा बांधली गेली आणि गॉफची बाकं केव्हाच गेली. हे मला माहीत होतं. तरी मी त्याच्या नकाशाची झेरॉक्स बरोबर नेली होती आणि दारात उभी राहून ती उलटसुलट करून पाहत होते, पूर्व कुठली, दक्षिण कुठली, झोपडीवाल्यांची बाजू कुठली.

एक आजीबाई फुलदाण्यांतलं पाणी बदलत होत्या. माझ्या हातातला कागद त्यांनी लांबूनच ओळखला. "गॉफ ना?" त्या म्हणाल्या. "येतात लोक. अमेरिकेतून येतात. तुम्ही कुठून आलात?"

"श्रूजबरीहून."

"अस्सं." क्षणभर थांबून त्यांनी पुढचा प्रश्न गिळला आणि मला त्या आवडल्या. हात पुसत त्या म्हणाल्या, "बसा हो, कुठेही बसा. आता काही कोणाची जागा बिगा नाही. आणि पुढे तर कोणीच बसत नाही. सगळ्यांना मागेच बसायचं असतं."

मी हसले. गॉफला हे सांगायला हवं होतं. पुढची बाकं ओस आणि मागच्या बाकांसाठी चढाओढ.

मी मागून तिसऱ्या बाकावर, कडेला बसले. रंगीत काचेतून आलेला उजेड समोरच्या फरशीवर पडला होता. झेरॉक्स मांडीवर घेऊन मी दक्षिणेच्या बाजूची घरं मोजायला लागले. बाकावर एक लोकरीची, हाताने विणलेली चौकोनी उशी होती, मधे दबलेली, आणि तिच्याशेजारी चष्म्याचं एक घर.

"तिथे नको—" आजीबाई पटकन म्हणाल्या, आणि त्यांचे कान लाल झाले. "नाही, नाही. बसा. आज कुठे रविवार आहे!"

मी उशी जरा सरकवली आणि बसून राहिले.